महाजनांच्या घरची बाद वांगी

महाजन कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरायचे आणि भाजीची टोपली तपासायचे. यजमान बाहेर ‘बसा, बसा’ म्हणतोय आणि हे आत वांग्याचं देठ नखाने खरवडून बघताहेत. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी एक वांगं उचललं, तळहातावर तोललं, दाबलं आणि म्हणाले, “बाद.” मग दुसरं. “हेही बाद.” नंतर चहा घेतला. चहाबद्दल काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावरून निकाल कळला.

मी शिंदे, रेल्वेतला इंजिनीअर, मूळचा साताऱ्याचा. बदलीवर लखनऊला आलो आणि सरोजिनी नगरात महाजनांच्या शेजारी घर मिळालं. महाजन जळगावकडचे. इथल्या एका भाजीपाला संशोधन केंद्रात ते वांग्याची नवी वाणं तयार करत. बाजारात भाजीवाला त्यांना लांबून बघूनच हात जोडायचा. “साइंटिस्ट साहब, अभी हाथ मत लगाइए, बोहनी नहीं हुई है.”

वीस वर्षं त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गावाकडचं भरताचं मोठं हिरवं वांगं इथल्या मातीत लावलं की मर रोग लागायचा आणि झाड उभ्या उभ्या वाळून जायचं. इथलं एक जंगली वांगं होतं, बोराएवढं आणि कडूजहर, पण ते काही केल्या मरत नसे. या दोघांचं महाजन लग्न लावत. संध्याकाळी चिमट्याने कळीतले पुंकेसर काढायचे, कळीला कागदी पिशवी घालायची, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. पुढच्या हंगामात शेकडो रोपं. त्यातली जगत ती कडू निघत आणि चवीची असत ती मरत. मी एकदा म्हटलं, “साहेब, बाजारात वांगी मिळतात की हो.” त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या धंद्याची एक विचित्र रीत होती. झाडावरचं सगळ्यात चांगलं फळ खायचं नाही. त्याच्या देठाला लाल फीत बांधायची, पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवायचं आणि मग त्याचं बी काढायचं. बाद झालेली वांगी तेवढी पिशवी भरून घरी यायची. कुसुमवहिनी म्हणायच्या, “तीस वर्षं संसार केला भाऊ, पण पास झालेलं वांगं माझ्या गॅसवर एकदाही चढलं नाही.” त्यांचा मुलगा नोएडाला. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो हिंदीत. फोनवर सांगायचा, “मम्मी, बाहर से मँगवा लो ना, यार.” वहिनी हसायच्या आणि बाद वांगी चिरायला घ्यायच्या. अर्धी आमच्याकडे यायची. मी आयुष्यात इतकं कडू कधी खाल्लं नाही.

गेल्या हिवाळ्यात मर रोगाने अख्खा वाफा झोपवला. एकच झाड उरलं आणि त्याला एकच फळ धरलं. गावाकडच्यासारखंच हिरवं, तसंच जड. महाजनांनी त्याला फीत बांधली आणि रोज दोनदा जाऊन बघू लागले. महिनाभर ते फळ टिकलं की बी हाती येणार होतं. त्या थंडीत दुसरं फळ धरण्याची आशा नव्हती, तसं झाड पुन्हा निघेल याची खात्री नव्हती, आणि जानेवारीत ते निवृत्त होणार होते.

त्याच आठवड्यात वहिनींना दवाखान्यातून घरी आणलं. लिव्हर गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, जे मागतील ते द्या. वहिनींनी भरीत मागितलं, गावाकडच्या वांग्याचं.

मी म्हटलं, “भुसावळला आमचा माणूस आहे. गार्डाबरोबर वांगी मागवतो. फार तर तीन दिवस.”

“तीन दिवस,” महाजन म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं असतानाच, त्यांनी आमचं दार वाजवलं. शालीखालून वांगं काढून माझ्या बायकोच्या हातात दिलं. देठाला लाल फीत होती.

“साहेब, याचं बी?” मी विचारलं.

“कोवळं आहे. यात बी तयार नाही.”

“अहो, पण वीस वर्षं—”

“भाजता येईल ना तुम्हाला, वहिनी?” त्यांनी माझ्या बायकोला विचारलं. “गॅसवर नको. काटक्यांवर.”

गच्चीत काटक्या पेटवून बायकोने वांगं भाजलं, मिरची-लसूण घालून ठेचलं. वहिनींनी चार घास खाल्ले. मग थांबून विचारलं, “हे कुठलं हो?”

“बादच आहे,” महाजन म्हणाले.

“याला कसं बाद केलंत तुम्ही?”

त्यांनी वहिनींची उशी सारखी केली. उरलेलं झाकून ठेवलं. संध्याकाळी वहिनींनी पुन्हा मागितलं आणि वाटी पुसून खाल्लं. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्यानंतर मी महाजनांना घेऊन त्यांच्या केंद्रावर गेलो. निवृत्तीआधी वाफ्याची नोंद पुरी करायची होती. तिथला श्रीवास्तव नावाचा तरुण अधिकारी भला माणूस. फळ कुठे गेलं याचं कारण लिहायचं होतं. तो हळूच म्हणाला, “सर, लिख दीजिए, नीलगाय खा गई. कोई पूछेगा नहीं.”

महाजनांनी मान हलवली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘फल मैंने तोड़ा. पत्नी ने खाया.’ श्रीवास्तव खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढचा रकाना चवीचा होता. तिथे त्यांचं पेन थांबलं. मला वाटलं, आता रडतील. मी म्हटलं, “लिहा ना साहेब, उत्तम. ‘याला कसं बाद केलंत’ असं वहिनी म्हणाल्याच होत्या.”

“मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाली असेल ती,” ते म्हणाले. त्यांनी रजिस्टर मिटलं. “मला काय ठाऊक, शिंदे? तिला पुरावं म्हणून मी घासही घेतला नाही.”