आक्कांच्या खात्याचे तीन राखणदार

"या कामात कुणीही लुडबुड करायची नाही. अर्ज मी भरलाय, खातं मी उघडलंय, आणि त्याचं काय झालं तेही मीच बघणार!"

तात्यांनी जेवणाच्या टेबलावर असं जाहीर केलं. समोर बसलेल्या बायकोने आणि मुलीने शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या. माणसं इतक्या पटकन मान डोलावतात तेव्हा खरं तर सावध व्हायला हवं. तात्यांनी मात्र समाधानाने आणखी भात वाढून घेतला.

तात्या लिफ्ट दुरुस्त करतात. उंच इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली, की दाराच्या फटीतून आतल्या माणसांशी बोलायचं काम त्यांच्याकडे असतं. मोटर जळली आहे की आणखी काही बिघडलं आहे, हे आतल्या माणसाला ते कधीच सांगत नाहीत. "आलोच हं! तोवर गप्पा मारा," एवढंच म्हणतात. आधी धीर, मग माहिती, अशी त्यांची पद्धत. तिच्यामुळे त्यांच्या लिफ्टमध्ये आजवर कुणाला चक्कर आलेली नाही. अडचण एवढीच, की तात्या घरीही तसेच वागतात आणि इतक्या वर्षांच्या सहवासाने त्यांची बायको आणि मुलगीही तशाच झाल्या आहेत.

हे खातं होतं आक्कांचं. आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तात्यांना बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती. ती आक्कांनी बांधली, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच बांधत राहिल्या. आता त्या दूरच्या देशात एकट्या राहत होत्या. गुडघे कुरकुरत होते, दिवा गेला तर बदलायला शेजारणीला हाक मारावी लागत होती. त्यांना कायमचं आपल्याकडे आणावं, म्हणून तात्यांनी त्यांच्या नावाने इमिग्रेशनच्या ऑफिसात ऑनलाइन अर्ज केला होता. रोज संध्याकाळी आक्कांचा फोन यायचा.

"छोट्या, काय म्हणतंय सरकार?"

"विचार करतंय, आक्का."

"करू दे बाबा. घाईघाईने नाही म्हणण्यापेक्षा ते बरं."

फोन ठेवला, की तात्या विचारात पडायचे. उद्या खरंच 'नाही' आलं तर? ते आपण आधी एकट्याने वाचावं, पचवावं आणि मग आक्कांना हळूहळू सांगावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. बायकोने वाचलं तर ती रडेल, आणि ती रडली की आपणही रडू. म्हणून एका सकाळी त्यांनी गुपचूप पासवर्ड बदलला.

त्यांच्या बायकोला तात्यांच्या रक्तदाबाची काळजी. वाईट बातमी आधी आपल्याला कळावी, गोळी देऊन मग त्यांच्या कानावर घालावी, हा तिचा विचार. खातं उघडेना, तेव्हा तिने 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबलं. घरात सगळ्यांचा मिळून एकच ईमेल, आणि तो हॉलमधल्या कॉम्प्युटरवर कायम उघडा. तिथे आलेला आकडा घातला, नवा पासवर्ड ठेवला, आणि पुरावा नको म्हणून आलेली मेल पुसून टाकली.

मुलीला आईबाबा दोघांचीही काळजी होती. तिने काय केलं, हे आता वेगळं सांगायला नको.

मग सुरू झाला लपंडाव. तात्या कामावरून आले की पासवर्ड बदलत. ते अंघोळीला गेले की बायको बदले. ती बाजारात गेली की मुलगी बदले. ज्याची त्याची खात्री, की या सरकारी कॉम्प्युटरला काही लक्षातच राहत नाही!

"अहो, खातं बघितलंत का आज?"

"बघितलं की. सगळं ठीक आहे."

"बाबा, मग तुमचं तोंड का असं?"

"तोंड? हे माझं नेहमीचंच तोंड आहे!"

शेवटी सरकारी कॉम्प्युटर कंटाळला. एका सकाळी पडद्यावर लाल अक्षरं आली : 'संशयास्पद हालचालींमुळे हे खाते बंद करण्यात आले आहे. संबंधितांनी पुढील महिन्याच्या पहिल्या बुधवारी कार्यालयात समक्ष यावे.' तिघांनीही ती अक्षरं वेगवेगळ्या वेळी वाचली. हे आपल्यामुळेच झालं, याबद्दल तिघांनाही शंका नव्हती. तेव्हापासून त्या ऑफिसाची कुठलीही मेल दिसली, की समोर जो असेल तो ती न वाचताच पुसून टाकायचा. न जाणो, दुसऱ्या कुणी बघितली तर?

संध्याकाळी आक्का विचारायच्या, "काय म्हणतंय सरकार?" तात्या म्हणायचे, "अजून काही नाही, आक्का." अलीकडे आक्का यावर पुढे काही बोलत नसत. नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवत.

तो बुधवार उजाडला. तात्या म्हणाले, "एका इमारतीत लिफ्ट अडकलीय." बायको म्हणाली, "मला दात दाखवायचाय." मुलीला ऑफिसात मीटिंग होती.

इमिग्रेशन ऑफिसचा हॉल लांबलचक होता. खुर्च्या जमिनीला खिळलेल्या, भिंतीवर टोकनांचे आकडे. तात्या टोकन घेऊन बसले. शेजारी एक बाई वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसली होती. वर्तमानपत्र उलटं होतं.

"अगं, तू?" तात्या दचकले. "दात इथे काढतात?"

"आणि तुमची लिफ्ट? ही तर बैठी इमारत आहे!"

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी कळवळून म्हणालं, "आई, बाबा, हळू बोला ना. सगळे बघतायत."

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. इतक्यात तात्यांच्या टोकनाचा आकडा लागला आणि तिघं एकदम उठले.

काउंटरवरच्या बाई गंभीर होत्या. त्यांनी तिघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. तिन्हींवर अर्जाचा नंबर एकच होता.

"एका वयस्कर बाईंच्या खात्यात शिरायला तिघंजण धडपडतायत," त्या म्हणाल्या. "अशा प्रकरणात गरज पडली तर आम्ही अर्ज थांबवतो आणि चौकशी करतो. त्या बाईंना फसवलं जातंय का, हे बघावं लागतं."

"फसवणूक?" तात्यांचा आवाज चिरकला. "अहो, माझी बहीण आहे ती! मी तर फक्त..."

"त्यांचा दोष नाही, मीच केलं!" बायको पुढे झाली.

"नाही मॅडम, मी केलं!" मुलगी म्हणाली.

इतक्या उत्साहाने गुन्हा कबूल करणारं कुटुंब बाईंनी पूर्वी पाहिलं नसावं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "मी अर्जदारांनाच विचारते," असं म्हणून त्यांनी आक्कांना व्हिडिओ कॉल लावला.

आपल्या शहाणपणाने आक्कांची वाट आपणच बंद केली, हे तात्यांना आता स्वच्छ दिसत होतं. पडद्यावर आक्का आल्या. आधी नुसतं कपाळ, मग चष्मा, मग सबंध चेहरा.

"हे तिघं तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"हो. तो मधला माझा भाऊ. छोट्या, ताठ उभा राहा."

तात्या ताठ उभे राहिले.

"तुमच्या खात्यात जायला तुम्ही यांना सांगितलं होतं?"

"खात्याचं मला काही कळत नाही बाई. शेजारणीने मला फोनवर दाखवून ठेवलंय. अर्जाचा नंबर घातला, की काय झालंय ते दिसतं. पासबिस काही लागत नाही. मी रोज सकाळी बघते."

तिघांची तोंडं उघडीच राहिली. पासवर्डशिवाय? मग इतके दिवस आपण कशाची राखण करत होतो?

"मग काय दिसलं, आक्का?" तात्यांनी कसंबसं विचारलं.



"मंजूर झालाय ना रे अर्ज. कधीचाच. मी रोज वाट बघत होते, आज छोट्या सांगेल, उद्या सांगेल. तू आपला रोज, अजून काही नाही. म्हटलं, यांना मी तिथे नको असेन. तोंडावर कसं सांगायचं, म्हणून पोरगा टाळतोय. दोनदा बॅग भरली, दोनदा रिकामी केली."

काउंटरवरच्या बाईंनी अर्ज उघडून बघितला. "मंजूर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला मेलही पाठवलीय."

तिघांनीही खाली मान घातली. ती मेल कुणी पुसली, हे कुणीच विचारलं नाही.

वाईट बातमी कशी सांगायची, याची तात्यांनी पुष्कळ तयारी केली होती. वाक्यंसुद्धा पाठ होती. चांगल्या बातमीसाठी त्यांच्याजवळ एकही वाक्य नव्हतं. "आक्का," ते म्हणाले, आणि तिथेच अडकले.

त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने बाजूला सारलं. "वन्सं, आता बॅग भरा आणि पुन्हा उघडू नका! तुमची खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावून झालेत."

"कुठल्या रंगाचे?"

"निळे."

"बरे आहेत," म्हणत आक्कांनी पदराने डोळे टिपले. "पोरी, तू का रडतेस? तुझ्या बापाला रुमाल दे आधी."

बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि घसा साफ केला. "चौकशीची गरज दिसत नाही. पण खातं पुन्हा सुरू करायचं, तर अर्जदारांनी स्वतः नवा पासवर्ड ठेवायचा. तो कुणालाही सांगायचा नाही."

"मग त्या तिघांना जरा बाहेर जायला सांगा हो," आक्का म्हणाल्या.

तिघं मुकाट्याने बाहेर जाऊन दारापाशी उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे. काचेतून बाई हसताना दिसत होत्या. पासवर्ड ठेवायला एवढा वेळ लागत नाही, हे आता या तिघांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काय बोलत असतील गं?" तात्यांनी विचारलं.

"आपल्याबद्दलच बोलत असतील," बायको म्हणाली.

बऱ्याच वेळाने दार उघडून बाई बाहेर आल्या.

"झालं काम. तुमच्या बहिणीने निरोप दिलाय. पुढच्या महिन्यात त्या येतायत. त्यांना घ्यायला विमानतळावर तिघंही या म्हणाल्या," बाईंनी हसू दाबलं, "पण या वेळी एकमेकांना सांगून या."