हात हुंगणारे गाइड

शेटे सर विद्यार्थ्यांचे हात हुंगतात. ही अफवा नाही, माझा स्वतःचा हात त्यांनी हुंगलेला आहे. नांदेडला मेडिकलला असताना ते आम्हाला पीएसएम, म्हणजे गावोगावच्या लोकांच्या तब्येतीचा विषय, शिकवायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, पायात करकरणाऱ्या वहाणा आणि तोंडात कायम एकच प्रश्न : "ऊट आय्ता?" सर उदगीरचे, घरात कानडी. जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. पण "हो सर" म्हणून सुटका नसे. "हात आण," म्हणायचे, बोटं नाकाशी न्यायचे आणि निकाल द्यायचे. "वांगं हाय. बस." नाहीतर "नुसता साबण हाय. खोटं बोलून राहिलास. जेवून ये."

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, तालुके राहत. मी मुखेड, माझा रूम पार्टनर चाकूर. वर्गात कंधारची दोन पोरं होती, म्हणून एकाला ते कंधार म्हणत आणि दुसऱ्याला, तिथल्या किल्ल्यावरून, किल्ला.

मला त्यांच्या दारात जावं लागलं ते गाइडपायी. विद्यार्थ्यानं छोटं संशोधन करायचं तर एका प्राध्यापकाची सही लागते. माझा विषय पक्का होता : आमच्या मुखेडकडच्या बायांचं रक्त गोळ्या घेऊनही वाढत का नाही? त्या बायांत माझी आई होती, त्यामुळे मला हे सर्टिफिकेटपुरतं करायचं नव्हतं. पण गाइड मिळेना. एक सर म्हणाले, विषय झकास, वेळ नाही. एक मॅडम म्हणाल्या, पीजीला लागल्यावर ये. अर्जाची मुदत संपत आली तेव्हा चाकूर म्हणाला, "शेटे सर हायत की. फक्त हात धुऊन जाऊ नको."

मी धुऊनच गेलो. शिवाय घाईत जेवलोही नव्हतो.

"ऊट आय्ता?"

"हो सर."

"भाजी कंची होती?"

आता भाजीसारखी सोपी गोष्ट, पण ऐनवेळी एकही आठवेना. सरांनी दाराकडं बोट दाखवलं. "उपाशी पोराचा विषय मी ऐकत न्हाई. भुकेल्या माणसाला सगळं लई थोर वाटतं."

मेसमध्ये डाळ-भात कोंबून परत आलो. हात हुंगून झाला, विषय ऐकून झाला. "सही नंतर," सर म्हणाले. "आधी गावात जाऊन विचारून ये, बाया कवा जेवतात, काय जेवतात."

शनिवारी एसटीनं मुखेड गाठलं. सकाळी दहाच्या सुमारास दारोदार फिरलो. "जेवलात का मावशी?" "हाव, झालं की लेकरा." जिथं जावं तिथं हेच. मी खूश! आमच्या बाया वेळेवर जेवतात, असा शोध घेऊन सोमवारी सरांसमोर उभा राहिलो.

सर इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मुखेड, तुझ्या आईला फोन लाव. मोठ्या आवाजावर टाक."

लावला. "आई, जेवलीस का?"

"हाव, झालं की."

"भाजी कोणती होती?"

मग आई म्हणाली, "बाजाराचा दिस हाय रे. तुझ्या पप्पाला दुकानावर डबा धाडला, आता मी जेवायला बसूनच राहिले बघ." दुपारचे तीन वाजले होते. फोन ठेवला तेव्हा मला रडू येत होतं.

"दारात आलेल्या माणसाला कंची बाई 'न्हाई जेवले' म्हणंल?" सर आता हसत नव्हते. "म्हणली तर तुला बसवावं लागतं, वाढावं लागतं. ते उत्तर न्हाई, ती रीत हाय. प्रश्न बदल. आज काय शिजलं आणि शेवटी तुमच्या ताटात काय आलं, असं विचार." आणि माझा अर्ज पुढं ओढून त्यांनी सही ठोकली.

काम सुरू झालं. नवा प्रश्न विचारला की बाया आधी हसायच्या, मग खरं सांगायच्या. एका दुपारी हे सरांना सांगायला गेलो. टेबलावर फडक्यात बांधलेला डबा होता. माझा हात हुंगून झाल्यावर मी सहज विचारलं, "सर, ऊट आय्ता?"

सर दचकले. "आय्तु, आय्तु," म्हणाले.

आता मला सवयच लागली होती. "भाजी कोणती होती?"

फडक्याची गाठ सकाळी मारली तशीच होती.

"आमची मंडळी होती तवर दुपारी फोन यायचा," ते म्हणाले. "तेवढंच विचारायची अन् ठेवून द्यायची. आता स्वयंपाकाच्या बाई डबा देतात. चांगला असतो. पण एकट्यानं सोडायचा कंटाळा येतो बघ."

मी डबा पुढं ओढला. गाठ सोडली. भाकरी, शेंगाची चटणी, मेथी. बाहेर थांबलेल्या चाकूरला हाक मारून बोलावलं आणि आम्ही तिघांनी मिळून डबा संपवला. सर पोटभर जेवले, वर चटणीत तेल कमी पडलंय म्हणून कुरकुरलेही.

जेवण झाल्यावर चाकूरनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पण सर हात धुवायला उठेनात. उजवा हात त्यांनी सरळ माझ्या नाकापुढं धरला.

"घे मुखेड," म्हणाले, "तपासून घे."