दहा पत्रांतली एकच आई

"आई रडवायची असेल तर माझ्याकडे या! पंधरा ओळींत पाझर फुटला नाही, तर नाव बदलून देईन!"

ही गर्जना करणारा वीर होता आठवीतला, तेरा वर्षांचा, काडीपेटीतल्या काडीसारखा! वसतिगृहाच्या शाळेत येऊन त्याला तीन महिने झाले होते. सदा काहीतरी खरडत बसतो म्हणून पोरं त्याला 'कारकून' म्हणत. तेव्हा बदलून द्यायला नाव असं उरलंच नव्हतं म्हणा!

दर रविवारी सकाळी तिथे पत्रतास असे. घरी पत्र लिहायचं. पंधरा ओळी भरल्याशिवाय रेक्टरबाई नाश्ता देत नसत. मजकूर त्या वाचायच्या नाहीत, पण ओळी मात्र पेन्सिलीचं टोक टेकवून मोजायच्या. पहिली ओळ नमस्काराची, दुसरी 'पत्रास कारण की', आणि पुढे तेरा ओळींचं वाळवंट! गणिताला न फुटणारा घाम पोरांना इथे फुटायचा.

शेजारच्या खाटेवरच्या ढब्बूनं पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं होतं.

"कारकुन्या, पाया पडतो तुझ्या! तू सांग, मी लिहितो. आठवडाभर तुझी भूमिती माझ्याकडे!"

गवयानं स्वर लावायला मिटावेत तसे कारकुनानं डोळे मिटले. "लिही. आई, शर्टाचं वरचं बटण लावताना तू गोड आवाजात गुणगुणतेस. इथे माझं बटण मीच लावतो. बटण लागतं, पण गाणं येत नाही."

ढब्बू थबकला. "अरे, माझी आई गुणगुणत नाही. ओरडते!"

"तुला नाश्ता हवाय की नकोय?"

ढब्बू मुकाट लिहू लागला. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी आई, स्वयंपाकघरातून येणारा तिच्या चपलांचा फटक फटक आवाज, सगळं सगळं आलं. पंधराच्या बावीस ओळी झाल्या!

आणि पुढच्याच रविवारी ढब्बूची आई धापा टाकत हजर! घाईत दोन पायांत दोन वेगळ्या चपला! लेकाला तिनं असं काही कवटाळलं, की रेक्टरबाईंना हळूच सांगावं लागलं, "बाई, त्याला श्वास घेऊ द्या."

कारकुनाचं दुकान तुफान चाललं! त्याच सकाळी पत्रतासाला नऊ गिऱ्हाइकं रांगेत. एकानं त्याची खाट आवरायची, दुसऱ्यानं बूट पुसायचे, लंबूनं कवायतीच्या हजेरीला त्याच्या वाटचं 'हजर' म्हणायचं. कारकून सांगत सुटला.

स्वतःच्या पत्राची पाळी आली, तेव्हा तास संपायला पाच मिनिटं उरली होती. त्यानं लिहिलं, 'मी मजेत आहे. अभ्यास चांगला चालला आहे. इथली हवा छान आहे.' मग अक्षरं एवढी मोठी काढली, की तेवढ्याच मजकुरात पंधरा ओळी भरल्या.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांच्या आयांसाठी गंगा आणि स्वतःच्या आईसाठी ठणठणाट? तर त्याचं असं झालं होतं. निघताना बसच्या खिडकीशी आई म्हणाली होती, "मजेत आहे एवढं लिहीत जा रे, म्हणजे मला झोप लागेल." आईची झोप मोडायला हात धजत नव्हता. म्हणून दर रविवारी तो तसंच लिही, आणि दुपारभर फाटकाकडे बघत बसे.

पुढच्या रविवारी फाटकातून आया आल्या. एक नाही, दोन नाही, नऊ! जुळ्यांची आई दोन पत्रांची एकटीच धनीण. आणि ढब्बूची आई आली ती आता सवयीनं.

नेमका त्या दिवशी शेजारच्या शाळेशी फुटबॉलचा सामना! निम्मा संघ आयांच्या कुशीत, गोलकीपरच्या तोंडात घास, आणि चेंडू जाळ्यात! अकरा-शून्य! मुख्याध्यापक तणतणत भेटीच्या खोलीत शिरले, तर तिथे वेगळाच सामना रंगलेला.

"माझ्या चपलांचा आवाज आठवतो म्हणे! घरात मी अनवाणी असते हो!"

"आणि मला कुठे चष्मा आहे?"

"मला दोन पत्रं आलीत. दोन्हींत मी बटण लावतेय!" जुळ्यांची आई म्हणाली.

लंबूची आई वकील होती. तिनं दहाच्या दहा पत्रं पुराव्यासारखी टेबलावर मांडली, वाचली आणि मान वर केली.

"बायांनो, या दहा पत्रांत आई एकच आहे. आणि ती आपल्यापैकी कुणीही नाही."

मुख्याध्यापक गरजले, "ही आई आहे तरी कुणाची?"

दारामागून कारकून पुढे आला. "माझी, सर."

"मग ती कुठे आहे?"

"घरी. मी तिला मजेत आहे म्हणून कळवलंय."

रेक्टरबाईंनी पदरात नाक शिंकरलं. मुख्याध्यापकांचा राग असा विरघळला, की अकरा-शून्यही विसरले! त्यांनी शिक्षा ठोठावली, "बस इथे. आईला खरं पत्र लिही. पंधरा ओळी!"

तासाभरानं बघतात तर कागदावर एकच ओळ. 'मी मजेत आहे.' नऊ आया रडवणारा हात स्वतःच्या आईपाशी येऊन लुळा पडला होता!

शेवटी वकीलबाईंनी ती दहा पत्रं एका पाकिटात घातली, वर चिठ्ठी जोडली: 'ही आपली आहेत. चुकून आमच्या पत्त्यावर आली.'

पुढच्या रविवारी फाटकात ती उभी राहिली. चष्मा डोक्यावर, हातात पाकीट. कुंपणामागे दहा डोकी श्वास रोखून. आता आपला कारकून काय बोलणार! दगडाला पाझर फुटणार!

कारकून धावत गेला, समोर थांबला आणि म्हणाला, "मी मजेत आहे!"

"हो रे राजा, दिसतंय ना," आई म्हणाली, आणि चुकलेलं वरचं बटण सोडवून नीट लावता लावता गुणगुणू लागली.

"कारकुन्या!" कुंपणामागून ढब्बू किंचाळला, "गोड आवाज लिहायला लावलंस ना आम्हाला? ही तर साफ बेसूर आहे रे!"

कारकुनानं ऐकलंच नाही. तो मान वर करून उभा होता. बटण लागलं होतं केव्हाच. त्यानं हळूच हात नेऊन खालची दोन काढून ठेवली.