सस्कॅचवनमधली समुद्राची जागा

कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांताच्या जमीन कार्यालयात एका मंगळवारी समुद्र आपली जागा परत मागायला आला. रांगेत त्याच्या पुढे गव्हाचे दोन शेतकरी होते. त्यांचं काम होईपर्यंत तो लाटा आवरून उभा राहिला. गालिचा भिजू नये म्हणून त्याने आपला काठ जरा वर उचलून धरला होता.

खिडकीत सुहासिनी रेडकर बसली होती. मूळची वेंगुर्ल्याची. नवऱ्याला पोटॅशच्या खाणीत नोकरी लागली म्हणून चार वर्षांसाठी इकडे आलेली, ती नवरा वारल्यावरही इथेच राहिली. समुद्राला सगळ्या किनाऱ्यांच्या बोली येतात. तिचं आडनाव वाचून तो मालवणीत बोलला.

"गो बाय, ही जागा माजी. मी जरा भायर गेल्लंय. आता परत इलंय."

तो खरं सांगत होता. गव्हाखाली किलोमीटरभर खोल त्याने टाकून दिलेलं मीठ होतं. त्यालाच इथे पोटॅश म्हणत आणि त्यावर गावंच्या गावं जगत.

"माजा मीठ तरी खय असा?"

सुहासिनीला खाली बघावं लागलं. "तां काढून इकला. खत म्हणान जगभर जाता. माजो धाकटो भाव वेंगुर्ल्याक आंब्यांक घालता."

"आंबे गोड जातत?"

"जातत."

"मगे ऱ्हवांदे."

तिने साहेबांना बोलावलं. पीटर कोवाल्चुक चष्मा पुसत बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला. नियम त्याला पाठ होते. पूर्वी इथे जमीन फुकट मिळायची; पण मालक तिच्यावर राहिला नाही तर हक्क जायचा. समुद्र कोट्यवधी वर्षं गैरहजर होता.

"पण आधी तोच होता ना?" सुहासिनी म्हणाली.

"माझ्या पणजोबांना ही जमीन रिकामी आहे म्हणून युक्रेनहून बोलावून दिली," पीटर हळू आवाजात म्हणाला. "रिकामी नव्हती. इथले मूळचे क्री लोक राहत होते. आधी कोण होतं हे विचारायला लागलो, तर सुहास, पहिल्यांदा मलाच उठावं लागेल." तो उठला मात्र नाही, खिडकीतून बाहेरच्या सपाट रानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उत्तरेला एक खारं तळं आहे. कुणाच्या नावावर नाही. तेवढं देता येईल."

समुद्राने तेवढं घेतलं.

सुहासिनीने त्याला आपल्या गाडीतून नेलं. तो मागच्या सीटवर अंग चोरून बसला. रस्ता दोरी धरून आखल्यासारखा सरळ होता. वाटेत धान्याचं एक उंच लाकडी कोठार दिसलं. शेजारचे रूळ उखडलेले, घरांना फळ्या मारलेल्या.

"हंयसरली माणसां?"

"बाजूच्या अल्बर्टाक गेली. तेलाच्या कामाक."

"परत येतली?"

"तशीच सांगान गेली."

समुद्राने मागे वळून त्या फळ्या मारलेल्या घरांकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "आणि तू गो? तू कित्याक नाय गेलंस परत?"

दर वर्षी ठरवत होते, असं तिला म्हणायचं होतं. आई होती तोवर दर मे महिन्यात ठरवत होते. तिने काच खाली केली आणि गाडी जरा हळू चालवली.

तळं फारच लहान निघालं. समुद्र पाय पोटाशी घेऊन कसाबसा त्यात मावला. भरती-ओहोटी चालेल का, असं त्याने विचारलं. थोडी चालेल, कुणाच्या लक्षात येणार नाही, असं ती म्हणाली. त्यावर पाणी उगाच वीतभर पुढे आलं, तिच्या चपला भिजवून मागे गेलं. सुहासिनी रडली. अंधार पडायच्या आत परत जायचं होतं म्हणून निघाली.

त्यानंतर दर रविवारी ती जात असे. माशांचा, माणसांचा, पावसापाण्याचा विषय निघे. एक गोष्ट मात्र त्याला सांगायची राहून गेली. तो इथे होता तेव्हा ही जमीन उष्ण होती. त्याला इथला हिवाळा माहीत नव्हता.

नोव्हेंबरात ती गेली तेव्हा तळ्यावर बर्फाचा पांढरा थर चढला होता. खाऱ्या पाण्याचं सहसा असं होत नाही, पण त्या वर्षी थंडी फार होती. ती गुडघ्यांवर बसली. हातमोज्याने बर्फ पुसून तिने कान लावला.

"गो बाय," खालून बारीक आवाज आला, "ह्यां काय झाला?"

"थंडी."

"किती दिवस ऱ्हवता?"

"एप्रिलपर्यंत," ती म्हणाली. "पयल्या वर्षी जड जाता."