आंबेकोंडची रॉकेलमुक्ती

मनुष्य इंधनाने सुधारतो, असे शासनाचे मत आहे. मनुष्याचे मत अद्याप मागवलेले नाही. या धोरणाला अनुसरून म्हसळ्याकडच्या आंबेकोंड गावाने भर ग्रामसभेत हात वर करून रॉकेल सोडले. मतदान एकशे चार टक्के झाले. (काहींनी उत्साहात दोन्ही हात वर केले होते, ते नंतर दुरुस्त करून शंभरावर आणण्यात आले.) रेशनचे निळे रॉकेल यायचे थांबून बराच काळ लोटला होता, पण तिकडचा माणूस संपलेली वस्तूसुद्धा पुरवून वापरतो.

रॉकेलमुक्ती समितीचे अध्यक्ष धर्माजी. माणूस सरळ, म्हणूनच त्यांना अध्यक्ष केले. घरातली शेवटची बाटली त्यांनी सर्वांदेखत पंचायतीत जमा केली. असे करणारे आपण गावात एकटेच, हे त्यांना कोणी सांगितले नाही. उगाच कशाला कोणाचे मन मोडा.

गाव खरेच मुक्त झाले का, हे सरकारी अधिकारी येऊन तपासणार आणि मगच मुक्तीची पाटी लावणार होते. तपासणीचा दिवस उजाडला तो धो धो पावसात. वीज आदल्या दिवसापासूनच नव्हती. अध्यक्षांच्या घरचा गॅस सिलेंडर पूर्वतपासणी, उपतपासणी आणि तपासणीपूर्व चर्चा या तिन्हींच्या चहात संपला होता, आणि नवा म्हसळ्यात अडकला होता. अशात धर्माजींची लेक विनिता माहेरी बाळंतीण. तिला आणि बाळाला ऊन पाणी हवे. न्हाणीच्या चुलीत घालायची नारळाची सोडणे (वरची साले) गच्च ओली. फुंकून फुंकून नीराबाईंचे डोळे लाल झाले.

"अवो, वाईच रॉकेल हाय का बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"आपण मुक्त झालो ना."

"तुमी झालात. पोरीला काय गार पान्यानं न्हाऊ घालू?"

आत बाळाने भोकाड पसरले. रिकामी बाटली घेऊन, छत्री उघडून धर्माजी निघाले.

गावात त्या वेळी घरटी एक धूर निघत होता. ओली सोडणे आपल्या विचाराने पेट घेतात, हे शास्त्राला अजून नीट कळलेले नाही. शेजारच्या मनुबाईची चूल तर धडाडून पेटली होती.

"मनुबाय, बाटलीच्या बुडाएवढं रॉकेल मिळंल?"

मनुबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. ऐन तपासणीच्या दिवशी अध्यक्ष दारात येऊन रॉकेल मागतो, म्हणजे आपली परीक्षाच.

"आमच्यात कुठलं? हात वर केला व्हता की मी," ती पदराला हात पुसत म्हणाली. (पदराला वास होता.)

पुढे घरोघर हेच. पलीकडच्या घरातल्या जीवनने तर आपणहून माळा दाखवला, फक्त उजवी बाजू. धर्माजी जितके काकुळतीला येत, तितका लोकांचा संशय पक्का होई. इतका कडक अध्यक्ष गावाने पाहिला नव्हता. प्रामाणिकपणाचे असे दुष्परिणाम असतात, म्हणून तो जपून वापरावा.

ते हात हलवत परतले, तेव्हा तपासणी अधिकारी निकेतसाहेबांची जीप अंगणात उभी होती.

"साहेब, ती मुक्तीची पाटी राहू द्या बाजूला," धर्माजी म्हणाले. "नातवाचं पाणी तापू द्या. थेंबभर रॉकेल न्हाय मिळत गावात."

साहेबांना घरी दोन लहान मुले. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिले. ड्रायव्हरने सीटखालून बाटली काढली. (विश्रामगृहात पावसाळ्यात वीज टिकत नाही, रॉकेलमुक्तीच्या अधिकाऱ्याला स्टोव्ह बाळगावाच लागतो.) चूल भडकली, हंडा तापला आणि बाळ न्हाऊन गुडूप झोपले.

मग साहेबांनी तपासणी सुरू केली. प्रश्न एकच होता: गावात रॉकेल आढळले काय?

"अध्यक्ष स्वतः घरोघर हिंडले, तरी थेंब मिळाला नाही," साहेब म्हणाले. "याहून कडक तपासणी मी काय करणार? आणि गाडीतलं होतं ते तालुक्याचं." गावाला उत्तम श्रेणी मिळाली.

पाटी लागल्यावर, अध्यक्षांना रॉकेल खरेच हवे होते, ही हकीकत गावाला कळली आणि लोक मनापासून हळहळले. दिवेलागणीच्या आत धर्माजींच्या न्हाणीमागे बाटल्यांची रांग लागली. ठेवणाऱ्यांनी एकमेकांना पाहिले नाही. नीराबाईंनी त्या मुकाट्याने सोडणांखाली झाकल्या. धर्माजींनी पाहूनही पाहिले नाही, आणि तेव्हा कुठे ते अध्यक्षपदाला लायक झाले.

निकेतसाहेब आता बढतीवर प्लास्टिकमुक्तीचे काम पाहतात आणि तुमच्या शहराकडे निघाले आहेत. तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांनी भरलेली जी पिशवी लटकते आहे, तिकडे पाहू नये, अशी विनंती त्यांना केलेली आहे. तुम्हीही आता लगेच वळून पाहू नका; घरातल्यांच्या लक्षात येईल.