चार वाजताचा चोर

माझ्या घरात यापुढे बाहेरून मुंगीसुद्धा शिरू देणार नाही, असं मी ऑफिसात छातीठोकपणे सांगून आलो होतो. कारणही तसंच होतं! राउटरमधल्या नोंदी सहज चाळल्या, तर काय? रोज दुपारी चारच्या ठोक्याला बाहेरचं कोणीतरी आमच्या नेटवर्कमध्ये घुसत होतं. दहा मिनिटं थांबून निघून जात होतं. तीन महिने! "आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?" बायकोने विचारलं. अशा माणसांमुळेच चोरांचं फावतं.

मंगळवारी मी घरून काम करत होतो. बायको कामावर गेल्यावर मी राउटरमधल्या आत येणाऱ्या सगळ्या वाटा बंद केल्या, कानांवर हेडफोन चढवले आणि चारला स्क्रीनसमोर दबा धरून बसलो.

चार वाजले. ओळ उमटली: बाहेरून प्रयत्न, अडवला.

"ये बेट्या!" मी मनातल्या मनात ओरडलो.

चार वाजून एक मिनिट. अडवला! दोन मिनिटं. अडवला! चोर भलताच चिवट होता. मध्येच धाकट्या बहिणीचा परदेशातून फोन आला. कापला. परत आला, परत कापला. चोर दारात असताना गप्पा कसल्या मारायच्या! एकेचाळिसाव्या प्रयत्नाला मी चक्क स्वतःची पाठ थोपटली आणि त्या आनंदात तिचा फोन घेतला.

"दादा, बाबा दिसत नाहीयेत रे!"

"तिथून कसे दिसतील?"

"अरे, कॅमेऱ्यात! मागच्या वेळी त्यांच्या खोलीत लावून आले नाही का? रोज चारला बघते मी त्यांना. तुला सांगितलं होतं, तू मोबाइलमध्ये बघत हो हो म्हणालास!"

मी हेडफोन भिरकावले आणि धावलो.

बाबांची खोली माझ्या भिंतीपलीकडे. ते कपाटापाशी जमिनीवर पडले होते. पाय भलतीकडेच वळलेला. एक हात मात्र वर, कॅमेऱ्याकडे हलत होता.

"पावणेचारला पडलो," ते पुटपुटले. "म्हटलं, चारला ती बघेलच. आज आलीच नाही बघ."

"बाबा, मला हाक मारायची ना!"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तू घरात होतास?"

मला रडूच फुटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. आता ते पहिल्यासारखे चालणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. राउटरमध्ये मी एकच वाट उघडी ठेवली आहे, बहिणीची. आणि कामाचं टेबल बाबांच्या पलंगाशेजारी आणलंय. हेडफोन तर विकूनच टाकले!

काल चार वाजता बाबांनी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला, काहीतरी खूण केली. मिनिटभरात माझा फोन वाजला.

"दादा, बाबांना पाणी हवंय."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो.