लाल गेटातून उलटा

बायकोच्या टीममधल्या दंतवैद्य बाईंची पाठ धरली आणि मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणालो, "त्यात काय! मी येतो की."

(लग्नाला अकरा वर्षं झाली, पण 'त्यात काय' हे शब्द घरात उच्चारू नयेत एवढी अक्कल अजून आलेली नाही.)

स्पर्धा होती खळाळत्या नदीतून होड्या वल्हवण्याची. बायको आणि तिचा धाकटा भाऊ त्यात मुरलेले. माझा अनुभव म्हणजे क्लबच्या तलावात घालवलेला एक उन्हाळा. पण तिसरा माणूस नसला तर टीम बाद, आणि गेल्या वर्षी थोडक्यात हुकलेलं पदक बायकोला अजून सलत होतं.

तिने टेबलावर तीन चमचे मांडले. "तिन्ही होड्या पाठोपाठ सुटणार. पहिली सुटली की घड्याळ चालू, शेवटची पोचली की बंद."

"म्हणजे तुम्ही दोघं कितीही जोरात गेलात तरी..."

"तरी आमचा वेग तुमच्याएवढाच." (आमच्या संसाराचं इतकं नेमकं वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं.)

"पाण्यावर दोन-दोन काठ्या टांगलेल्या असतात, ते गेट. काठीला धक्का लागला, दोन सेकंद दंड. गेट चुकलं, पन्नास. तिघांचा दंड एकत्र. शेवटच्या रेषेवर तिघांनी एकमेकांपासून पंधरा सेकंदांच्या आत पोचायचं, नाहीतर आणखी पन्नास. हिरवं गेट प्रवाहाबरोबर, लाल गेट प्रवाहाविरुद्ध. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. (ऑफिसातही मी हेच म्हणतो.)

रविवारी पुढे बायको, मध्ये मी आणि मागे मेहुणा असे सुटलो. पहिली चार गेटं मी चक्क धक्का न लावता काढली. पाचवं लाल. बायको सुर्रकन खडकाआड वळली. मागून मेहुणा ओरडला, "भाऊजी, लाल! उलटं! उलटं!"

मी उलटा झालो. होडीसकट.

खाली गारठा, काळोख आणि नाकात अर्धी नदी. उलटी होडी झटक्यात सरळ करायचं तंत्र तलावात मला चाळीस वेळांत एकदा जमलं होतं. देवाच्या कृपेने दुसऱ्यांदा तिथे जमलं. डोकं वर आलं ते खडकामागे. तिथे पाणी फिरून वरच्या दिशेला वाहतं. त्याने मला पाठमोरं उचललं आणि थेट लाल गेटातून पार केलं. काठी कानाला लागली. दोनच सेकंद!

बायको पुढे थांबून आ वासून बघत होती. मला थांबता येईना, म्हणून मी तिच्या शेजारून सुसाट पुढे गेलो. उरलेली दोन हिरवी गेटं प्रवाहानेच काढून दिली. समोर शेवटची रेषा दिसली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला: पंधरा सेकंद! मी दिसेल त्या खडकाला मिठी मारली.

"अहो, सोडा तो खडक! चला!" मागून ती दोघं आली. मी खडक सोडला. तिघंही नऊ सेकंदांत रेषेपार.

तिसरा नंबर! काठावर येताच बायकोने माझा दंड घट्ट धरला. "खाली गेलात तेव्हा जीव उडाला हो माझा. म्हटलं, नको ते पदक." मला इतकं हलकं वाटलं, की मी म्हणालो, "त्यात काय!" आणि तिथेच शिंकलो. ती हसली. मेहुणाही हसला. मीही, दात वाजता वाजता.

क्लबने आमचा शर्यतीतला फोटो मोठा करून पाठवला. मी तो कौतुकाने सासूबाईंपुढे धरला. पुढे त्यांची लेक, मागे त्यांचा लेक आणि मध्ये पाण्यावर होडीचा पिवळाधमक तळ.

"आणि जावईबापू कुठे?"

बायकोने तळावर बोट ठेवलं.

सासूबाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "यांचा फोटो इतका छान पहिल्यांदाच आलाय."